नॉक सेन्सर बदलण्यापूर्वी : वाहनविषयक प्रश्नोत्तरे

पावसाळा ओसरू लागला की चेक इंजिनच्या दिव्याविषयीची पत्रे वाढतात, हा या सदराचा दरवर्षीचा अनुभव आहे. यंदा त्यांतील बरीच पत्रे नॉक सेन्सर या एकाच सुट्या भागाविषयी आली असल्यामुळे हे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक आठ वर्षांची आहे. ऑगस्टमध्ये चेक इंजिनचा दिवा लागला, गाडीचे पिकअप गेले आणि ॲव्हरेजही घसरले. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०३२५ हा कोड आला, म्हणून नॉक सेन्सर बदलला. दोन दिवस दिवा बंद राहिला आणि तिसऱ्या दिवशी, पूर्व द्रुतगती मार्गावर वेग घेताच, पुन्हा लागला. आता मेकॅनिकचे म्हणणे आहे की ईसीएम, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, गेले आहे. ईसीएमचा खर्च मला परवडणारा नाही. जाता जाता सांगतो की जुलैत आम्ही गावी गेलो होतो, तेव्हा गाडी तीन आठवडे सोसायटीच्या आवारात उभीच होती.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलेले शेवटचे वाक्य आहे. त्याकडे येण्याआधी हा सेन्सर काय करतो ते थोडक्यात पाहू, कारण त्याचे काम समजले की कोडचा अर्थ आपोआप उलगडतो.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरत जाते. कधीकधी ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यात दाबले गेलेले पेट्रोल-हवेचे उरलेले मिश्रण स्वतःहून पेटते, दाब एकदम उसळतो आणि सिलिंडरच्या भिंती थरथरतात. पत्र्यावर मूठभर बाजरी टाकावी तसा तो तडतडणारा आवाज म्हणजे नॉकिंग. थरथरीची वारंवारिता मुख्यत्वे सिलिंडरच्या व्यासावर ठरते. ७० ते ७५ मिलिमीटर व्यासाच्या लहान इंजिनांत ती सेकंदाला सुमारे ७ ते ८ हजार कंपने इतकी असते, तर व्यास मोठा असेल तर ती कमी होते. नॉक सेन्सर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या मुख्य भागावर, बोल्टने घट्ट बसवलेला एक कान होय. त्याच्या आत दाब पडला की वीज निर्माण करणारा सिरॅमिकचा तुकडा असतो. (स्फटिकांचा हा गुणधर्म झाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता.) ब्लॉक थरथरला की काही मिलिव्होल्टपासून व्होल्टपर्यंतचा विद्युतसंकेत ईसीएमकडे जातो आणि ईसीएम ठिणगीची वेळ काही अंशांनी मागे घेते, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडते.

आता कोडकडे वळू. पी०३२५ याचा अर्थ ‘सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष’ असा आहे, ‘सेन्सर खराब’ असा नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कप्लर (तारा जोडणारा जोड), दोन तारा, त्यांच्याभोवतीची जाळी, ईसीएमकडचा कप्लर आणि सर्वांत शेवटी ईसीएम. याच कुटुंबातील पी०३२६ संकेत अपेक्षेच्या बाहेर असल्याचे सांगतो, पी०३२७ तो फारच कमी असल्याचे आणि पी०३२८ फार जास्त असल्याचे. तुमच्या मेकॅनिकने साखळीची पहिली कडी बदलली आणि ती निर्दोष ठरताच थेट शेवटच्या कडीवर उडी मारली. मधल्या कड्या कुणी पाहिल्याच नाहीत.

दिवा दोन दिवस का बंद राहिला, हाही प्रश्न तुम्हाला पडला असेल. कोड पुसल्यावर दिवा बंद होणारच. ईसीएम या सर्किटची परीक्षा सहसा इंजिन गरम झाल्यावर आणि त्याचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या पुढे गेल्यावर घेते, कारण तेव्हा इंजिनाचा नेहमीचा आवाजही सेन्सरमध्ये पुरेसा उमटायला हवा असतो. मुलुंडच्या गल्ल्यांत आणि सिग्नलवर ती परीक्षा झालीच नाही. द्रुतगती मार्गावर ती झाली आणि गाडी नापास झाली. दुरुस्ती झाली की नाही हे ठरवायचे तर गाडी गरम करून तसेच फेरे काही मिनिटे ठेवणे आवश्यक आहे. गॅरेजच्या दारात बंद दिसलेला दिवा हा पुरावा नव्हे.

आता तुमचे शेवटचे वाक्य. पावसाळ्यात तीन आठवडे न हललेली गाडी म्हणजे मुंबईतील उंदीर-घुशींना कोरडी, उबदार जागा. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत हा सेन्सर ब्लॉकच्या बाजूला, बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये बसवलेला असतो. त्याची तार अशा आडोशाने जाते की कुरतडलेली जागा वरून दिसतच नाही. उंदीर नसला तरी आपली खारी, दमट हवा कप्लरमधील पिनांवर हिरवट थर चढवायला पुरेशी असते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढावी. सेन्सरकडचा आणि ईसीएमकडचा असे दोन्ही कप्लर सोडवून पिना भिंगाने पाहाव्यात : हिरवटपणा आहे का, पिन मागे सरकली आहे का, आत पाणी दिसते का. मग मल्टिमीटरने प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी. रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा, आणि मीटर लावलेले असतानाच दुसऱ्या माणसाने तारेचा गठ्ठा हळूहळू हलवत राहावे, कारण अर्धवट तुटलेली तार स्थिर असताना अगदी निर्दोष दिसते. त्यानंतर दोन तारांमध्ये परस्पर आणि प्रत्येक तार व बॉडी यांच्यामध्ये कुठेही जोड नाही ना, हे पाहावे. टाचणी टोचून तार तपासण्याची सवय अनेक कारागिरांना असते. ती मुंबईच्या हवेत टाळावी, कारण त्या छिद्रातून शिरलेला ओलावा पुढच्या वर्षीचा दोष आजच पेरून ठेवतो.

तार तुटलेली सापडली, तर साधा पीळ देऊन वर टेप गुंडाळणे पुरेसे नाही. या तारेतील संकेत इतका क्षीण असतो की शेजारून जाणाऱ्या इग्निशनच्या तारेचा गोंगाटही त्यात मिसळू शकतो, म्हणून तिच्याभोवती धातूची जाळी दिलेली असते. जोड सोल्डर करावा, जाळीही जोडून घ्यावी आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. जाळीचे अर्थिंग कंपनीने ज्या टोकाला दिले आहे तिथेच ठेवावे. दुसऱ्या टोकाला आपल्या मनाने बॉडीशी जोडू नये.

नवा सेन्सर कसा बसवला, तेही विचारा. हा भाग ‘बसला म्हणजे झाले’ या वर्गातला नाही. ब्लॉक आणि सेन्सर यांची पृष्ठे उघड्या धातूची, स्वच्छ आणि सपाट असावी लागतात. मध्ये गंज, रंग किंवा कारागिराने सद्भावनेने घातलेला वायसर असेल, तर थरथर पोहोचण्याआधीच बदलते. मधोमध भोक असलेल्या चपट्या सेन्सरसाठी बोल्ट आवळण्याचे माप बहुधा २० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा आणि टॉर्क पान्यानेच बोल्ट आवळावा. सैल बसलेला सेन्सर बहिरा होतो, अति आवळलेला सेन्सर चुकीचे ऐकतो, आणि दोन्हींचा शेवट कोडमध्येच होतो.

सेन्सर स्वतः तपासण्यासाठी रोध मोजण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु ती जपून वापरावी. काही सेन्सरांत समांतर रोधक बसवलेला असतो आणि मीटर काही लाख ओहम दाखवते. काहींत तो नसतो आणि निर्दोष सेन्सरही मीटरवर ‘तुटलेला’ दिसतो. मॅन्युअलमधील आकड्याशिवाय या मोजणीला अर्थ नाही. त्यापेक्षा मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांना जोडावे आणि सेन्सरजवळच्या ब्लॉकवर लहान पान्याने हलकेच टकटक करावी. प्रत्येक टकटकीबरोबर आकडा उसळला पाहिजे. ऑसिलोस्कोप असलेले गॅरेज मिळाले तर फारच उत्तम, कारण मीटर हा संकेत सरासरी करून मंदपणे दाखवते, तर स्कोपवर प्रत्येक ठोक्याची उमटणारी आणि विरत जाणारी लाट स्पष्ट दिसते. टकटक ब्लॉकवर करायची असते, सेन्सरवर नाही. आतील सिरॅमिक काचेसारखे तडकते. कुर्ल्याच्या बाजारात मिळणारा जुना सेन्सर मी याच कारणासाठी टाळतो, कारण तो आधी किती वेळा खाली पडला आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

एवढे सर्व निर्दोष निघाले, तरच ईसीएमवर संशय घ्यावा. त्या आधी तुमच्या मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा : ‘तारेची कंटिन्युइटी किती आली?’ उत्तरादाखल आकडा मिळाला नाही, तर ईसीएमची चर्चा पुढे नेऊ नका.

प्रश्न : मी सीएनजी बसवलेली पेट्रोल सेदान प्रवासी वाहतुकीसाठी चालवतो. मुंबईत सीएनजीवर काहीच त्रास नाही. पुण्याला जाताना सीएनजी संपला आणि पेट्रोलवर टाकली, की खंडाळ्याच्या चढावर इंजिन तडतडते. चेक इंजिनचा दिवा मात्र लागत नाही. नॉक सेन्सर गेला असेल का? गेला असेल तर कोड का येत नाही?
— एक चालक, दादर

उत्तर : कोड येत नाही, कारण बहुधा सेन्सर गेलेला नाही. नॉकिंग होणे आणि नॉक सेन्सरमध्ये दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत अनुभवी माणसेही करतात. सेन्सरने तडतड ऐकली आणि ईसीएमने ठिणगी मागे घेतली, तर त्यांच्या दृष्टीने सर्व काही ठरल्याप्रमाणे चाललेले असते. पूर्वी जिथे अमृतांजन पूल होता, त्या परिसरातील चढावर भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये ओढताना ठिणगी जितकी मागे नेता येते तितकी नेऊनही तडतड उरत असेल, तर इंजिनात खरोखरच काहीतरी बिघडले आहे. कान ठीक आहे, तो ऐकतो आहे ते चुकीचे नाही.

सीएनजीवर आवाज का येत नाही, हे सोपे आहे. त्या वायूचा ऑक्टेन अंक १२०च्या वर असतो, त्यामुळे तो स्वतःहून पेटायला सहज तयार होत नाही. आपल्याकडील साध्या बीएस-६ पेट्रोलचा अंक ९१ होता आणि २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाने तो ९५च्या घरात आला आहे. म्हणजे पूर्वीपेक्षा पेट्रोल नॉकिंगच्या बाबतीत अधिक सहनशील झाले असूनही तुमचे इंजिन तडतडते, हे लक्षात घ्या.

तुमच्या गाडीच्या बाबतीत मी तीन ठिकाणी पाहीन. पहिले आणि माझ्या मते सर्वांत संभाव्य कारण पेट्रोल फवारणारे इंजेक्टर हे आहे. वर्षातील अकरा महिने गाडी वायूवर चालते, त्या काळात इंजेक्टर बंद असतात आणि त्यांच्या तोंडाशी चिकट थर जमतो. मग चढावर जेव्हा पेट्रोलची खरी गरज असते, तेव्हा ते कमी पडते, मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी), ज्वलनकक्षाचे तापमान वाढते आणि तडतड सुरू होते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम इंधनाच्या प्रमाणात करत असलेली वाढ-घट, पाहा. पेट्रोलवर चालताना तो सतत अधिक १० टक्क्यांच्या पुढे राहत असेल, तर इंजेक्टर किंवा पेट्रोलचा पंप-फिल्टर यांच्याकडे बोट जाते. रोज सकाळचे काही किलोमीटर पेट्रोलवर चालवण्याची सवय ठेवली, तर हा त्रास बराचसा टळतो. दुसरे कारण सीएनजी किटसोबत बसवलेला टायमिंग ॲडव्हान्सर. वायू सावकाश जळतो म्हणून काही किटांत ठिणगी आधी पाडणारी ही डबी लावतात. पेट्रोलवर गेल्यावर तिने बाजूला व्हायचे असते. ती झाली नाही, तर पेट्रोलला सीएनजीचे टायमिंग मिळते आणि नॉकिंग अटळ होते. ज्याने किट बसवले, त्याच्याकडून ही डबी आहे का आणि असल्यास पेट्रोलवर बंद होते का, हे तपासून घ्या. तिसरे कारण म्हणजे गाडी किती धावली आहे त्या मानाने साचलेला कार्बन, अर्धवट चोंदलेला रेडिएटर किंवा चुकीच्या हीट रेंजचे प्लग. चढावर तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर सरकत असेल, तर सुरुवात इथूनच करावी.

दुरुस्ती होईपर्यंत घाटात एक गिअर खाली घेऊन फेरे थोडे अधिक ठेवा. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढत नेणे म्हणजे नॉकिंगला दिलेले जाहीर आमंत्रण आहे.

प्रश्न : पी०३२७ कोड आला आहे. पंपावरचा कर्मचारी म्हणाला की महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल दोन-तीन वेळा भरा, दिवा जाईल. खरे का?
— एक वाचक भगिनी, विलेपार्ले

उत्तर : नाही. पी०३२७ म्हणजे सेन्सरकडून येणारा संकेत फार कमी आहे, आणि तुटलेली तार किंवा सैल बोल्ट कोणत्याही पेट्रोलने जोडला जात नाही. पहिल्या उत्तरात दिलेली तपासणी करून घ्यावी. मात्र जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचा एक वेगळा उपयोग आहे. इंजिन तडतडत असेल आणि तो आवाज खरोखर नॉकिंगचा आहे की टॅपेट, चेन वा सैल पत्र्याचा, याबद्दल संभ्रम असेल, तर टाकी जवळजवळ रिकामी करून एकदा तसे पेट्रोल भरावे आणि केम्प्स कॉर्नरहून मलबार हिलकडे जाणाऱ्या चढावर त्याच वेगाने, त्याच गिअरमध्ये गाडी नेऊन पाहावी. आवाज नाहीसा झाला तर ते नॉकिंग होते. जसाच्या तसा राहिला तर आवाज यांत्रिक आहे. एका टाकीच्या वाढीव किमतीत मिळणारे हे निदान मला स्वस्त वाटते.

प्रश्न : माझी १ लिटरची तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. अपघातानंतर समोरचे इंजिन माउंटिंग आणि एसी कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट बदलला. त्यानंतर अधूनमधून पी०३२६ येतो. मला स्वतःला नॉकिंगचा आवाज कधीच ऐकू आलेला नाही, पण स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून पाहिले तर ठिणगी ८ ते १० अंशांनी मागे घेतलेली दिसते. सेन्सर नवीन आहे, तारही तपासली आहे.
— एक वाचक, वांद्रे

उत्तर : सेन्सर बहिरा नसून त्याला भास होत असण्याची शक्यता इथे मोठी आहे. सेन्सरला नॉकिंग म्हणजे काय, हे कळत नाही. त्याला फक्त थरथर कळते. खरे-खोटे ठरवण्याचे काम ईसीएमचे असते. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाल्यावर नॉकिंग संभवते तेवढीच ठरावीक खिडकी उघडून ते ऐकते आणि ठरावीक वारंवारितेचाच आवाज गाळून घेते. सैल ब्रॅकेटचा खडखडाट दुर्दैवाने त्याच खिडकीत आणि त्याच सुरात वाजू लागला, तर ईसीएमची फसगत होते आणि निरपराध ठिणगी मागे जाते.

तुमच्याकडे आधीपासूनच सर्वांत चांगले साधन आहे, ते म्हणजे तो ब्लूटूथ स्कॅनर. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून फेरे हळूहळू तीन हजारांपर्यंत न्या आणि ठिणगी मागे घेण्याचा आकडा पाहा. खरे नॉकिंग भाराशी बांधलेले असते, त्यामुळे उभ्या गाडीत, भार नसताना, ते जवळजवळ होतच नाही. उभ्या गाडीतही विशिष्ट फेऱ्यांवर आकडा उसळत असेल, तर तो यांत्रिक आवाज आहे असे धरून चाला. मग एसी चालू-बंद करून फरक पडतो का ते पाहा. कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट नुकताच हाताळला गेला असल्याने माझा पहिला संशय त्याच्या बोल्टांवर आहे. त्यानंतर एक्झॉस्टवरील उष्णतारोधक पत्रा, अल्टरनेटरचे बेअरिंग, टायमिंग चेनचा टेन्शनर आणि इंजिन ऑइलची पातळी पाहावी. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक भागावर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवून ऐकण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. केस, ओढणी किंवा सैल बाही पट्ट्यांपासून दूर ठेवावी, एवढीच सूचना.

टर्बो इंजिनाबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कमी फेऱ्यांवर जोराने ॲक्सिलरेटर दाबला असता एखादाच, पण दणदणीत ठोका ऐकू आला, तर तो नेहमीच्या नॉकिंगचा प्रकार नसून ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा असू शकतो. ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटलेले असल्याने ती मागे घेऊन काही साधत नाही, म्हणून या प्रकारापुढे सेन्सर हतबल असतो. याला आळा घालण्याची चाचणी ज्यात समाविष्ट आहे, ती ऑइलची एपीआय एसएन प्लस ही श्रेणी २०१८ मध्ये आणि एसपी ही श्रेणी २०२० मध्ये आली. तुमच्या मॅन्युअलने सांगितलेल्या श्रेणीचेच ऑइल वापरा आणि डब्यावरील अक्षरे स्वतः वाचा.

प्रश्न : व्ही-६ इंजिनाच्या जुन्या सेदानमध्ये पी०३२५ आणि पी०३३० हे दोन्ही कोड एकदमच आले. सेन्सर मॅनिफोल्डखाली आहेत, मजुरी सेन्सरच्या किमतीहून जास्त सांगितली आहे. काय करावे?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : पी०३३० हा दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरांच्या सेन्सरचा सर्किट दोष. दोन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. दोघांना समान असलेली जागा शोधा, म्हणजे मॅनिफोल्डखालून एकत्र येणारी छोटी तार आणि तिचा कप्लर. इंजिनाच्या दोन बाजूंमधील खळग्यात पाणी साचून ही तार कुजते. मॅनिफोल्ड उघडण्याआधी ईसीएमच्या टोकाकडून दोन्ही सर्किटे मोजून घ्यावीत, आणि उघडायची वेळ आलीच, तर आत दोन्ही सेन्सरांचे कप्लर अदलाबदल करून पाहावेत : दोष सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर, जागेवर राहिला तर तार. तरीही एकदा मजुरी दिलीच आहे, तर तार आणि गॅस्केट बदलूनच मॅनिफोल्ड बंद करावा.

प्रश्न : मी बेस्टमधून निवृत्त झालो. प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या काळात आम्ही डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून कानाने टायमिंग लावत असू आणि गाड्या चालत. आताच्या माझ्या गाडीत सेन्सरचा कोड आहे, पण गाडी ठीक धावते. कप्लर काढून तशीच चालवली तर काय बिघडेल? एका ओळखीच्या मेकॅनिकने सांगितले की कप्लरमध्ये एक रेझिस्टर खोचला की दिवा कायमचा बंद होतो.
— एक ज्येष्ठ वाचक, परळ

उत्तर : पद्मिनीच्या टायमिंगबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. चढावर हलकी तडतड ऐकू येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवायचा आणि मग किंचित मागे घ्यायचा, ही कला त्या पिढीच्या हातात होती. नॉक सेन्सर तेच काम करतो, फक्त तो प्रत्येक फेरीला करतो. त्या काळातील इंजिनांचे कॉम्प्रेशन कमी असल्याने चूक खपून जात असे. ब्यूकने १९७८ च्या टर्बो व्ही-६ मध्ये ही यंत्रणा आणली, ती टर्बोचा दाब सांभाळण्यासाठीच. आजचे इंजिन नॉकिंगच्या उंबरठ्यापर्यंत मुद्दाम नेऊनच चालवले जाते, कारण इंधनाची बचत तिथेच आहे, आणि म्हणून त्याला कान लागतो.

तुमचे दोन प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी आहेत. कप्लर काढून ठेवल्यास ईसीएमला दोष कळतो, ते सावध होते आणि ठिणगी आधीच सुरक्षित मर्यादेपर्यंत मागे घेऊन ठेवते. पिकअप आणि ॲव्हरेज कमी होते, परंतु इंजिन सुरक्षित राहते. परळ ते दादर अशा धावण्यासाठी काही दिवस हे चालेल, पण भरलेली गाडी घेऊन कसाऱ्याचा घाट चढू नये. रेझिस्टर खोचण्याचा प्रकार याच्या नेमका उलटा आहे. ज्या गाडीत ईसीएम केवळ रोध पाहते, तिथे त्याची समजूत होते की कान शाबूत आहे आणि सर्वत्र शांतता आहे. मग ते ठिणगी पूर्ण पुढे नेते आणि नॉकिंग सुरू झाले तरी ते त्याला ऐकू येत नाही. पिस्टनच्या रिंगा व त्यांच्यामधील कडा तुटतात आणि हेड गॅस्केट जाते. दिवा बंद असतो, आणि इंजिन उघडावे लागते. काही गाड्यांत तर ही युक्ती चालतही नाही, कारण ईसीएम फेऱ्यांबरोबर वाढणारा पार्श्वभूमीचा आवाज शोधते आणि तो न मिळाल्यास पुन्हा कोड देते. तो रेझिस्टर आधीच खोचला असेल, तर काढून टाका.

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये नॉक सेन्सरसारखाच भाग दिसतो. डिझेलला ठिणगीच नाही, मग तो कशासाठी?
— एक वाचक, माहीम

उत्तर : काही कॉमन रेल डिझेल इंजिनांत ब्लॉकवर तसाच सेन्सर असतो, पण तो ठिणगीसाठी नव्हे. मुख्य फवाऱ्याआधी इंजेक्टर जो अगदी बारीक फवारा सोडतो, त्याचे प्रमाण इंजेक्टर झिजत जाईल तसे बदलते, आणि या सेन्सरमार्फत ज्वलनाचा आवाज ऐकून ईसीएम ते सुधारून घेते. त्यामुळे डिझेलमध्ये या सेन्सरचा कोड आला आणि गाडी थंडीत खडखडत असेल, तर सेन्सर व तारेबरोबरच इंजेक्टरांची रिटर्न चाचणीही करून घ्यावी. बसवण्याचे नियम तेच : स्वच्छ पृष्ठभाग, वायसर नाही, आणि टॉर्क पाना.

पुढील अंकासाठी प्रश्न पाठवताना कोडचा आकडा, गाडीचे इंधन आणि स्कॅनरमधील फ्रीझ फ्रेम, म्हणजे दिवा लागला त्या क्षणी नोंदलेले फेरे, भार आणि तापमान, एवढे जरूर लिहावे. ते पुसून टाकण्याआधी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले, तर तुमच्या पत्राचे उत्तर लवकर देता येईल.